आमच्या घराण्याचे दात

मी आयुष्यात एकदाही मिशरी लावलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी तोंड उघडलं की समोरच्या बाईच्या मनात पहिला विचार तोच येतो. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुपवाडला मी ज्या कारखान्यात पॅकिंगला जाते तिथं, सगळीकडे तेच. कुणी तोंडावर विचारतं, कुणी नुसतंच बघतं आणि नजर काढून घेतं. एखादी तर आपुलकीनं जवळ सरकते, कमरेची डबी काढून पुढं करते आणि म्हणते, घे की, लाजतीस कशाला. मी घेत नाही म्हटलं की तिला वाटतं, बघा, लावते आणि वर सोवळेपणा करते. तंबाखू भाजून रोज दातांना चोळणाऱ्या बायकांचे दात माझ्यापेक्षा बरे असतात आणि बदनाम मी. आता मी उत्तरं देणं सोडून दिलंय, पण डोक्यात तिडीक जायची ती जातेच.

माझे दात पिवळट तपकिरी आहेत. आखूड आणि खरखरीत. कडा आपोआप झिजतात, कधी भाकरीचा कडक पापुद्रा चावतानाही टवका उडतो. गार पाणी प्यायले की कळ थेट मस्तकात जाते. एवढा ऊस पिकणाऱ्या मुलखात राहून मी उसाचं कांडं दातांनी सोलून कधी खाल्लेलं नाही.

माझं माहेर मेढ्याच्या बाजूचं, डोंगरातलं. दुधाचे दात आले तेच असे आले. हे पडले की दुसरे बरे येतील म्हणून घरचे थांबले. दुसरे आले, तेही तसलेच. मग सुरू झालं घासणं. आई मला रोज सकाळी चुलीपाशी धरून बसवायची आणि राखुंडीत मीठ घालून बोटानं खसाखसा घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं, मी ओरडायचे, आणि ती म्हणायची, घासत नाहीस म्हणून ही वेळ आली. शाळेत तर मास्तरांनी मला सगळ्या वर्गापुढं उभं केलं, आ करायला लावलं आणि सांगितलं, दात न घासणाऱ्याचं तोंड असं होतं. माझ्या शेजारी बसणारा पोरगा सणासुदीला दात घासायचा, त्याचे दात मक्याच्या कोवळ्या कणसासारखे. त्याला कुणी उभं केलं नाही.

आईचे दात चांगले होते. अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, तर असे की सुपारी दातानं फोडायचे. आई म्हणजे अण्णांच्या मामाची मुलगी. आमच्यात यात नवल काही नाही. भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क, घरातली पोर घरातच राहते, सासू म्हणजे रक्ताची आत्या, मग छळ कसला, असं सगळे कौतुकानं सांगतात. बारशाला नाव ठेवायचा मानही आत्याचाच. माझं नाव माझ्या आत्यानंच ठेवलं. ते नाव ऐकून अण्णा उठून बाहेर गेले आणि आजी पाळण्यापाशी बसून रडली, असं आई सांगायची. आजी का रडली ते आईनं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लग्नाचं वय झालं तेव्हा मला एकच शिकवण होती, पाहुण्यांसमोर हसायचं नाही. नाव विचारलं की ओठ न उघडता बोलायचं. अहो, ओठ न उघडता माणूस नाव सांगणार कसं? कोरेगावकडची एक मंडळी पोहे खाऊन गेली आणि निरोप आला, मुलगी मिशरी लावते. आई रात्रंदिवस रडायला लागली. तेव्हा आत्या सांगलीहून आल्या, ओसरीवर बसल्या आणि अण्णांना म्हणाल्या, पोरगी मला द्या. माझ्या आत्येभावाशी माझं लग्न झालं. गावानं आत्यांचं तोंडभरून कौतुक केलं. असल्या दातांची पोर, पदरात घेतली म्हणजे मोठं मन म्हणायचं.

ते ‘पदरात घेतली’ मग माझ्या संसारात कायमचं मुक्कामाला आलं. सर्वांत जास्त म्हणायच्या त्या माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं. त्या शिरवळला दिलेल्या, पण दर सणाला सांगलीत हजर. भाजीत मीठ जास्त पडलं तरी पदरात घेतली, आणि माझ्या नवऱ्यानं माझी बाजू घेतली तरी पदरात घेतली. आत्या स्वतः मात्र तसं कधी बोलल्या नाहीत, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांचं वेगळंच. रोज सकाळी मोरीपाशी राखुंडीचा डबा घेऊन उभ्या राहायच्या. घास. अजून घास. मी चाळिशी ओलांडली तरी तो डबा काही मोरीवरून हलला नाही.

लेक झाली. तिचा पहिला दात हिरडीतून वर आला तो मी बोटानं चाचपला. खरखरीत लागला. मला दुसऱ्या कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी तिला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले.

तिच्याही वाट्याला सगळं तेच आलं. वन्सं म्हणाल्या, आईनं माहेराहून दात आणले आणि पोरीला दिले. आत्यांनी नातीलाही राखुंडीला धरलं. तिच्या दाढा लहानपणीच किडल्या, गाल सुजायचा, ताप यायचा, दाढ काढावी लागायची. लोक म्हणायचे चॉकलेटं खाते. चॉकलेट घरात आणायची माझी हिंमत नव्हती. पोरगी शिकली, हुशार निघाली, सांगलीतच एका बालवाडीत शिकवायला लागली, पण हसायचं झालं की हात तोंडावर गेलाच. मी तिला तसं कधीच शिकवलं नाही. माझं बघून शिकली.

एक दिवस ती बालवाडीतून आली आणि न जेवता बसली. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. वर्गातल्या चिमुरड्यानं तिला भाबडेपणानं विचारलं होतं, टीचर, तुमी ब्रश करत न्हाई? त्या लेकराचा काय दोष, घरी त्याला मोठ्यांनीच तसं शिकवलेलं. पण माझं डोकं फिरलं. माझी पोर सकाळ-संध्याकाळ दात घासते, तिच्या पर्समध्ये ब्रश असतो, आणि तिला हे ऐकायला लागतं. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली आणि तिला घेऊन मिरजेला दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी लेकीचे दात बघितले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्हीही बसा. आम्हा दोघींची तोंडं एकापाठोपाठ एक बघणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी घासण्याबद्दल विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, तुमचे मिस्टर लग्नाआधी नात्यातले का? मी म्हटलं, आत्याचा मुलगा. आणि आईवडील? ते मामे-आतेभावंडं. त्यांनी मान हलवली. मला आधी राग आला, दाताला आणि सोयरिकीला काय संबंध.

मग त्यांनी समजावून सांगितलं. दातावर कठीण कवच असतं. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हाच ते तयार होतं, नंतर कधीच होत नाही. ते कसं घडवायचं याची सूचना शरीराला आईकडून एक आणि बापाकडून एक मिळते. एक जरी चांगली असली तरी काम भागतं, दात पांढरेशुभ्र येतात आणि दुसरी बिघडलेली आहे हे त्या माणसाला जन्मभर कळत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या की आमच्यासारखे दात. घरातल्या घरात लग्नं होत राहिली की तीच बिघडलेली सूचना दोन्हीकडून येऊन एकत्र पडायची शक्यता वाढते. याचे इतरही प्रकार असतात, नक्की सांगायला तपासणी लागेल, पण तुमच्या घरची हकिगत ऐकून मला तरी हाच वाटतो, असं त्या म्हणाल्या. कवच कच्चं म्हणून दात झिजतात, दुखतात आणि कीडही लवकर लागते. दातांवर कॅप बसवता येतात, लवकर आला असतात तर दाढा वाचल्या असत्या. आणि राखुंडीनं घासल्यामुळे जे काही थोडंफार कवच होतं तेही गेलं. कच्च्या गिलाव्याची भिंत आम्ही इतकी वर्षं खराट्यानं घासत होतो.

शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्याआधी घरात आणखी कुणाला असे दात होते का? मी ठामपणे सांगितलं, नाही, मीच पहिली.

बाहेर आल्यावर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मास्तर आठवले, कोरेगावचे पाहुणे आठवले, कमरेच्या डब्या आठवल्या. मी चुकले नव्हते. माझी पोर चुकली नव्हती. आम्ही जन्मायच्या आधीच जे ठरलं, त्याबद्दल लोकांनी आम्हाला आळशी, घाणेरडी आणि खोटारडी ठरवलं. घरी येऊन मी सगळं ह्यांना सांगितलं. हे बिचारे सरळ माणूस, कुपवाडला लेथवर असतात, ऐकून म्हणाले, आधी कॅप बसवून घेऊ. आत्या तिथेच गहू निवडत बसल्या होत्या. सूप तसंच ठेवून उठल्या आणि देवापाशी जाऊन बसल्या.

कॅप बसवायचं ठरतंय तोवर रविवारी वन्सं आल्या, हातात नारळ आणि पातळ घेऊन. त्यांचा मुलगा शिरवळला कंपनीत नोकरी करतो, पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी लेक त्याला दादा म्हणत मोठी झाली. वन्संनी चहा संपवला आणि सांगून टाकलं की पोरगी आता आम्ही नेणार, आत्याचा हक्कच आहे. दातांचं आम्हाला काही वाटत नाही. बाहेरचं कोण करणार हिला? आणि ते कॅपबिप काढा डोक्यातून, कशाला हवीत, घरातल्या घरात कोण बघतंय.

घरातल्या घरात कोण बघतंय. म्हणजे पोरीनं या घरात तोंड मिटलं तसंच त्या घरात जन्मभर मिटून ठेवायचं. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आदल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं होतं की लग्न झालं नाही तरी चालेल, पण कुणी उपकार म्हणून नेलेलं तिला नको. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मी नाही म्हणून सांगितलं. का नाही तेही सांगितलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं, अगदी सुरुवातीपासून. वन्संना त्यातलं एक अक्षर पटलं नाही.

“माझ्या पोराचं दात बघ की,” त्या म्हणाल्या. “पांढरं फेक हायत. त्याला काय धाड भरलीया?”

“माझ्या आईचेही पांढरेच होते वन्सं. अण्णांचेही. आणि मी झाले.”

मग जे यायचं तेच आलं. तुला पदरात घेतली ते विसरलीस, माहेराहून दात घेऊन आलीस आणि आता आम्हालाच शहाणपण शिकवतीस. इतकी वर्षं मी हे गिळत आले होते. त्या दिवशी गिळलं नाही.

“कुठलं माहेर? माझं माहेर तेच आत्यांचं माहेर. हे दात तुमच्या आजोळचे आहेत वन्सं. मी परके घेऊन आलेले नाहीत.”

वन्संनी भावाकडे बघितलं, ह्यांनी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता आत्या मला घराबाहेर काढतात. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “पोरगी भायेर द्यायची. घरात न्हाई. लय झालं.”

वन्सं म्हणाल्या, आये, तूबी? त्यावर आत्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पोटच्या पोरीलाही माहीत नव्हतं.

आत्यांना एक धाकटी बहीण होती. म्हणजे अण्णांची बहीण, माझीही आत्याच. तिचे दात असेच होते. पाहुणे आले की तिला गोठ्यात नेऊन बसवायचे आणि गेले की घरात आणायचे. तिलाही राखुंडीनं घासायचे. तिचं लग्न काही झालं नाही, ऐन वयात तापाचं निमित्त होऊन गेली, आणि त्यानंतर घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. मग मी जन्मले. बारशाला नाव ठेवायचा मान आत्यांचा. त्यांनी पाळण्यात वाकून माझ्या कानात त्या बहिणीचं नाव सांगितलं.

“वाटलं, तेवढंच नाव तरी माणसांत ऱ्हाईल. आन तुला दात आलं ते तिचंच आलं. म्या नाव ठिवलं म्हणून आलं.”

म्हणून मला मागून घेतलं. म्हणून तो डबा. बहिणीचे घासून गेले नाहीत, माझे तरी जातील, नातीचे तरी जातील, असं त्या रोज सकाळी मनाशी धरत होत्या. सगळं गाव त्यांना मोठ्या मनाची म्हणत होतं, आणि ही बाई आपलं पाप फेडतेय असं समजून मला सांभाळत होती.

मला त्यांची दया आली का? आली. पण खोटं कशाला सांगू, त्याच्या आधी संताप आला. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांना माहीत होतं, म्हणून ते बारशातून उठून गेले. आजीला माहीत होतं. मास्तरांनी मला वर्गापुढं उभं केलं तेव्हा अण्णांनी शाळेत जाऊन एवढं सांगायला हवं होतं की माझ्या बहिणीचेही असेच होते, पोरीचा दोष नाही. एकानंही तोंड उघडलं नाही. दात खराब आमचे, आणि तोंड मिटून बसले ते चांगल्या दातांचे. आणि लपवायचं म्हणून पोरी घरातल्या घरात देत राहिले, म्हणजे जे लपवायचं तेच पुन्हा पुन्हा पाळण्यात घालत राहिले. हे सगळं मी आत्यांना तिथंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. वन्सं नारळ तिथंच ठेवून गेल्या, जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोरीवर डबा नव्हता. आत्या नवं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, मिरजेला मीबी येते, त्या डागतरीणबाईला तू खोटं सांगितलंयस, तू पयली न्हाईस.

डॉक्टरबाईंनी लेकीच्या दातांची मापं घेतली. ते झाल्यावर आत्या त्यांच्यासमोर बसल्या आणि बहिणीचं सगळं सांगितलं, तिचं नाव घेऊन. माझंच नाव, पण त्यांच्या तोंडून ते दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून मी प्रथमच ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, नावानं येत्यात का वो दात?

“नाही आजी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नावानं काही येत नाही. तुम्ही नाव ठेवलंत त्याच्या आधीच तिचे दात ठरले होते.”

आत्यांनी पदर तोंडाशी धरला आणि नुसती मान हलवत राहिल्या. एवढं एक वाक्य. ते सांगणारं कुणी आमच्या घरापर्यंत का आलं नाही, आणि आम्ही तरी कुणाला का विचारलं नाही, याचा राग मला अजून येतो.

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघी एका बाकावर दाटीनं बसलो. समोर एक बाई होती, गप्पिष्ट. लेक काहीतरी बोलली, मी हसले, तशी त्या बाईची नजर माझ्या दातांवर गेली आणि मग लेकीच्या. तिनं सवयीनं कमरेला हात घातला आणि म्हणाली, मायलेकी दोघी लावता जणू? लेकीचा हात तोंडाकडे जायला लागला. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच आत्यांनी नातीचा तो हात धरून खाली घेतला आणि साऱ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“मिशरी न्हाई ती. आमच्या घराण्याचं दात हायत. माझ्या भणीचं असलंच हुतं.”